बंदरातले टग आणि कामाच्या बोटी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून मुंबईला गेलेली मंडळी गेटवेला जातात, घारापुरीची बोट पकडतात, लेणी बघतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. जाता-येताना पाण्यावर टगचं, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटींचं, जे काम चाललेलं असतं, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मी द्राक्षांच्या पॅकहाऊसात काम करतो. हंगाम संपला की बंदर बघायला जातो आणि येईल त्याला बरोबर घेऊन जातो. जाण्याआधी आणि बोटीत बसल्यावर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

नाशिकच्या माणसाने टग कशाला बघायचे? आपला समुद्राशी काय संबंध?

जानेवारी ते एप्रिल निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात रात्री उशिरापर्यंत रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर भरले जातात. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन द्राक्षं, आतलं तापमान शून्याच्या आसपास. ट्रेलर कसारा घाट उतरून न्हावा शेव्याला जातो. शेतकऱ्याच्या, पॅकहाऊसच्या आणि निर्यातदाराच्या डोळ्यांसमोर माल असतो तो इथपर्यंतच. पुढे तो कंटेनर तीनशे मीटरच्या जहाजावर चढतो. त्या जहाजाला धक्क्यावरून सोडवून खोल पाण्यात नेणारे असतात टग. लासलगावच्या कांद्याचंही तसंच. आपला माल किनारा सोडतो तेव्हा त्याला शेवटचा हात लावणारी माणसं टगवरची असतात, आणि नाशिक जिल्ह्यात त्यांची ओळख जवळजवळ कुणालाच नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे चारशे मीटरचं जहाज आडवं रुतलं. आपला युरोपचा हंगाम ऐन भरात होता. 23 तारखेला अडकलेलं जहाज 29 तारखेला निघालं. गाळ उपसणारे ड्रेजर, उधाणाची भरती आणि टगचा ताफा यांनी मिळून ते काढलं. तेव्हा आमच्या पॅकहाऊसातली मुलं मोबाइलवर त्या टगचे व्हिडिओ बघत बसायची. तसेच टग आपल्यापासून चार तासांच्या प्रवासावर रोज काम करत असतात.

टग नेमकं करतो काय?

मोठं जहाज मोकळ्या समुद्रात स्वतःच्या बळावर चालतं. पण सुकाणूवरून पाणी जोरात वाहतं तोवरच सुकाणूचा उपयोग असतो. धक्क्याजवळ वेग कमी करावा लागतो, आणि वेग गेला की सुकाणूचा जोर गेला. जहाज एक लाख टनांचं, बाजूला वारा, खाली ओढ असलेलं पाणी आणि समोर सिमेंटचा धक्का. अशा वेळी जहाजाला बाजूने ढकलायला, मागून रोखून धरायला आणि जागच्या जागी वळवायला दुसऱ्या बोटी लागतात. त्याच या टग.

ओढणं हे टगचं अर्धं काम. बाकीचं अर्धं म्हणजे धरून ठेवणं. कामदा एकादशीला आपल्याकडे रामरथ निघतो तेव्हा पुढे दोर ओढणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण वळणावर रथ सांभाळतात ते धुरा धरलेले लोक. मागच्या बाजूला दोर लावून चालणारा टग तेच काम करतो.

जहाज धक्क्याला लागताना बघायला मिळालं तर हा क्रम पाहा. टग जहाजाच्या वेगाने चालत अगदी जवळ येतो. जहाजावरचा खलाशी वरून एक बारीक दोरी फेकतो, टोकाला वजन बांधलेली. टगच्या पुढच्या डेकवर नारिंगी बॉयलर सूट, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूस ती झेलतो आणि तिला टगच्या जाड दोराचं टोक बांधतो. जहाजावरचे लोक तो जाड दोर वर ओढून घेतात आणि त्याचा फास लोखंडी खुंटावर चढवतात. टग थोडा मागे सरतो, दोर ताणला जातो, त्यातून पाणी निथळतं. जहाजाच्या पोटावर काही ठिकाणी पांढऱ्या रंगात इंग्रजीत ‘टग’ असं लिहून बाण काढलेला दिसेल. तिथे आतली चौकट मजबूत असते, म्हणून टगने नाक लावायचं ते तिथेच. ढकलायचा हुकूम आला की चिमणीतून धूर सुटतो आणि टगच्या मागे पांढरा फेस उसळतो. जहाज हललेलं लगेच कळत नाही. धक्का आणि जहाज यांच्यामधल्या पाण्याच्या पट्टीवर नजर ठेवा, ती हळूहळू अरुंद होत जाते.

मोठ्या कंटेनर जहाजाला साधारण दोन ते चार टग लागतात. हुकूम देणारा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरातली वाट दाखवणारा जाणकार, जहाजाच्या ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) उभा असतो आणि वॉकीटॉकीवरून प्रत्येक टगला वेगळं सांगतो.

एवढीशी बोट एवढं जहाज कशी हलवते?

बंदरातला टग साधारण पंचवीस ते तेहतीस मीटर लांब असतो. त्याची किंमत लांबीवर ठरत नाही, ठरते खेचशक्तीवर. इंग्रजीत तिला बोलार्ड पुल म्हणतात आणि मोजतात टनांत. टग धक्क्यावरच्या खुंटाला बांधायचा, इंजिन पूर्ण जोराने चालवायचं आणि दोरावर किती ताण येतो ते मापायचं. पन्नास-साठ टनांचा टग आज नेहमीचा झाला आहे. त्यासाठी दोन इंजिनं मिळून चार-पाच हजार अश्वशक्ती असते, म्हणजे टगचं पोट बहुतांशी इंजिनानेच भरलेलं असतं.

खरी करामत पंख्यांची. जुन्या टगला मागे पंखा आणि त्यामागे सुकाणू असायचं, साध्या बोटीसारखंच. आताच्या बहुतेक टगना मागच्या बाजूला खाली दोन पंखे असतात आणि प्रत्येक पंखा आपल्या जागी पूर्ण गोल फिरू शकतो. त्यामुळे टग पुढे, मागे, आडवा कसाही चालतो आणि जागेवर गिरकी घेतो. याला अझिमथ टग म्हणतात. दुसऱ्या एका जातीत पंख्याऐवजी तळाला फिरती तबकडी आणि तिला खाली उभी पाती असतात. हा फोइट-श्नायडर प्रकार ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट श्नायडर यांनी 1920च्या दशकात शोधला. वरून बघून फरक ओळखायची एक खूण आहे: टग नाक न वळवता सरळ आडवा सरकला, तर तो जुन्या पद्धतीचा नाही.

दोरही बदलले. पूर्वी पोलादी तार असायची. आता कृत्रिम धाग्यांचे दोर आले. त्याच जाडीच्या तारेइतकं बळ, वजनाला खूप हलके आणि पाण्यावर तरंगणारे.

नाशिकहून एका दिवसात जमतं का? कुठली बोट पकडायची?

जमतं. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते आणि साडेदहा-पावणेअकरापर्यंत सीएसएमटीला पोचते. तिकीट आधी काढा.

घारापुरीची बोट गेटवेहून सुटते आणि साधारण तासाभरात पोचते. निघताना डाव्या हाताला नौदलाची गोदी आणि पुढे बॅलार्ड पिअर दिसतं. मग नांगर टाकून उभी असलेली जहाजं लागतात, आणि जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यावर टँकर. टँकर लागलेला असला की आग विझवायची तोफ असलेला टग बऱ्याचदा आसपास थांबलेला असतो. वरच्या मजल्यावर बसायला थोडे जादा पैसे घेतात, ते द्या. बेटावर लेण्यांच्या वर तोफ असलेल्या टेकडीवर चढलात तर पूर्वेला न्हावा शेव्याच्या क्रेनची अख्खी रांग दिसते. लेणी सोमवारी बंद असतात.

मांडव्याची बोटही गेटवेहून. ती मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांच्या मुख्य जलमार्गाला आडवी जाते, त्यामुळे आत येणारं किंवा बाहेर पडणारं जहाज जवळून दिसण्याची शक्यता चांगली. कुटुंबाबरोबर आणि गाडीसकट जायचं असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो आहे. ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. डेक मोठा आहे, बोट हलते कमी.

माझी स्वतःची शिफारस मात्र भाऊच्या धक्क्याहून उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचची. ही साधी, रोजच्या प्रवाशांची लाँच आहे. उरणचे लोक, कोळणी, सरकारी नोकर यांच्यात तुम्ही बसता. भाऊच्या धक्क्यावर बार्ज, छोटे टग आणि मासेमारीच्या बोटी हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधीच बघायला सुरुवात होते. पुढे लाँच घारापुरीच्या दक्षिणेने जाते आणि न्हावा शेव्याच्या वाटेला छेदते. आपल्या द्राक्षांची जहाजं याच वाटेने ये-जा करतात. मोऱ्याच्या बाजूने कंटेनर धक्के समोर दिसतात.

मोऱ्याहून रिक्षाने उरण स्टेशनला या. जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल आहे. उरणहून साडेतीन-चारच्या सुमारास निघा, नेरूळ आणि ठाण्यावरून कल्याणला या, आणि परतीची पंचवटी तिथे पकडा. उरणच्या गाड्या मोजक्या आहेत, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. मुंबईत उलटं जायची गरज राहत नाही.

कुठल्या दिवशी गेलं तर जास्त हालचाल दिसते?

पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास. कारण भरती.

किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून कुणालाही करता येतो. तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चारने भागा. येईल ती मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा, पौर्णिमेला भरती बाराच्या जवळ जाते. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक बघा, पण दिवस ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

खोल बुडणारी जहाजं भरतीच्या पाण्याचा फायदा घेऊन आत येतात. मुंबईची इंदिरा गोदी तर दरवाज्यांनी बंद केलेली आहे. आतलं पाणी अडवून ठेवलेलं असतं आणि जहाज लॉकमधून, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या हौदातून, आत-बाहेर होतं, तेव्हा तिथेही भरतीची वेळ कामाची. उधाणाच्या दिवसांत भरती साडेचार मीटरच्या वर जाते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तिच्यापेक्षा बरीच कमी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, आणि पंचवटीने आलेला माणूस साडेअकरापर्यंत धक्क्यावर. वेळ अगदी जुळून येते.

एक लक्षात ठेवा. उधाणाला ओहोटीही तितकीच खोल जाते. मोऱ्याच्या जेटीशी गाळ साचलेला असल्याने खोल ओहोटीला लाँच लागायला अडचण येते आणि फेऱ्या काही वेळ थांबतात. त्या दिवशी ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास असते. म्हणूनही परत यायला लोकल बरी.

टग सोडून आणखी काय दिसतं? ओळखायचं कसं?

पायलट बोट लहान आणि वेगवान असते. बंदराचं पाणी ओळखणारा पायलट ती जहाजापर्यंत नेऊन सोडते. जहाज चालू असतानाच बोट त्याला चिकटते आणि पायलट दोरीच्या शिडीने वर चढतो. जहाजाच्या बाजूची चढण नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती दोरीची शिडी चालत नाही, जहाजाची तिरकी जिन्याची शिडीही जोडावी लागते. पावसाळी लाटांवर हे काम करणाऱ्या माणसांना मी मनापासून मानतो. पायलट वर पोचला की जहाज अर्धा पांढरा-अर्धा लाल झेंडा लावतं. पायलट हवा असेल तर पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा. पूर्ण लाल झेंडा म्हणजे धोकादायक माल चढत-उतरत आहे किंवा जहाजात आहे. टँकरवर तो हमखास दिसतो.

बार्ज सपाट, रुंद आणि पाण्यात खोल बसलेली. काहींना स्वतःचं इंजिन असतं, काहींना टग ओढतो. जहाजाला चिकटून उभी असलेली आणि जाड पाइप जोडलेली छोटी टँकरसारखी बार्ज दिसली तर ती इंधन किंवा पिण्याचं पाणी देते आहे.

ड्रेजर गाळ उपसतो. मुंबई बंदरात खाड्यांचा गाळ सतत येत राहतो, त्यामुळे ही बोट कधी ना कधी दिसतेच. बाजूला लांब पाइप खाली सोडलेला असतो आणि तळाचा गाळ पंपाने ओढून पोटात भरला जातो. काम चालू असताना ड्रेजर काळे आकार टांगतो: वर गोळा, मध्ये शंकरपाळ्याचा चौकोन, खाली गोळा. एका बाजूने जायला अडथळा असेल तर तिकडे आणखी दोन गोळे आणि मोकळ्या बाजूला दोन चौकोन. हे कळलं की लाँचचा तांडेल (बोट चालवणारा) त्याच बाजूने का वळला, हेही कळतं. नांगर टाकलेल्या जहाजावर पुढे एकच काळा गोळा असतो.

पाण्यात लाल आणि हिरवे बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, दिसतात. आपल्याकडच्या पद्धतीत समुद्राकडून बंदरात येणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. दोन रांगांच्या मधली ती खोल वाट.

भोंग्याचंही गणित आहे. एक छोटा आवाज: मी उजवीकडे वळतोय. दोन: डावीकडे. तीन: इंजिन मागे चालवतोय. पाच किंवा जास्त छोटे आवाज ऐकू आले तर समोरच्याचं काय चाललंय ते त्याला कळत नाहीये, आणि तो इशारा देतोय.

अंधार पडल्यावर काही कळतं का?

कळतं, कधी कधी दिवसापेक्षा स्पष्ट. वर पांढरा आणि खाली लाल असे दोन दिवे एकाखाली एक दिसले तर पायलट बोट. टग मागे काही ओढत असेल तर डोलकाठीवर एकाच्या वर एक दोन पांढरे दिवे लावतो, आणि मागची ओढ दोनशे मीटरपेक्षा लांब असेल तर तीन. टगच्या मागे पांढऱ्याच्या वर पिवळा दिवाही असतो. असे दिवे दिसले की टग आणि त्याच्या मागच्या बार्जच्या मधून कुणीही जायचं नाही. मधे पाण्याखाली दोर असतो.

जहाजाचं नाव, कुठून आलं, कुठे चाललं हे कसं कळेल?

मोठ्या जहाजांना आपली ओळख, जागा आणि वेग रेडिओवरून सतत सांगणारं एआयएस नावाचं यंत्र बसवावं लागतं. बऱ्याच टगवरही ते असतं. मरीनट्रॅफिक, व्हेसलफाइंडर अशी ॲप फोनवर घ्या, नकाशावर मुंबईचं बंदर उघडा. टग वेगळ्या रंगात दिसतात. जहाजाच्या मागच्या बाजूला लिहिलेला सात आकडी आयएमओ नंबर त्याचा कायमचा असतो. मालक, नाव, झेंडा बदलला तरी नंबर तोच. ॲपमध्ये तो टाकला की जहाज सापडतं. नौदलाच्या बोटी सहसा तिथे दिसत नाहीत.

घरबसल्याही हा छंद करता येतो. आमच्याकडे कंटेनर गेला की मी जहाजाचं नाव लिहून ठेवतो आणि ते न्हावा शेवा सोडताना कुठले टग बरोबर आहेत ते बघतो.

फोटो काढले तर चालतात का?

व्यापारी जहाजं, टग, बोये यांचे फोटो प्रवासी बोटीतून लोक काढतात आणि सहसा कुणी हरकत घेत नाही. नौदलाची गोदी, युद्धनौका, पाणबुड्या यांचे काढू नका. गेटवेहून निघताना हे सगळं अगदी समोर असतं, तेवढा वेळ फोन खिशात ठेवा. ड्रोन आणायचाच नाही. बंदराच्या आवारात परवान्याशिवाय प्रवेश नसतो, त्यामुळे ‘ओळखीने आत सोडतो’ म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका.

पावसाळ्यात जाता येतं का?

गेटवेहून मांडव्याची सेवा साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. रो-रो पावसाळ्यातही हवामान बघून चालते. माझा सल्ला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी धुरकं असतं, अकरानंतर निवळतं.

बोट सुरक्षित असते का?

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. जॅकेट घाला, बकल लावा, मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या. नुसतं मांडीवर ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. बोट क्षमतेपेक्षा भरलेली वाटली तर पुढच्या बोटीने जा, वीस-पंचवीस मिनिटांनी काही बिघडत नाही. आणि टग बघायला सगळ्यांनी एका बाजूला गर्दी करू नका.

टगवरच्या लोकांचं काम धोक्याचं आहे का?

आहे. त्यातला सर्वांत मोठा धोका बंदराच्या शांत पाण्यातलाच. दोर टगच्या मधल्या भागातून जहाजाला लावलेला असला आणि जहाज टगपेक्षा पुढे निघून गेलं, तर दोर टगला आडवा ओढतो. काही सेकंदांत टग कलंडू शकतो. म्हणून ओढायच्या हुकाला एका झटक्यात सुटणारी कळ असते आणि अनुभवी कप्तानाचं लक्ष सतत तिच्यावर असतं. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो. डेकवरचे लोक दोराच्या रेषेत उभे राहत नाहीत, हे लाँचमधूनही तुमच्या लक्षात येईल.

बाहेरच्या समुद्रात प्रश्न वेगळे. जून 2011 मध्ये विस्डम नावाचं जहाज कोलंबोहून अलंगला भंगारात काढायला ओढून नेत होते. मुंबईजवळ ओढीचा दोर तुटला आणि ते भरकटत जुहूच्या वाळूत येऊन बसलं. पुढे त्याला परत पाण्यात ओढलं तेही टगनेच. त्याआधी 7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं आणि वाहतूक काही दिवस थांबली. मे 2021च्या तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाली, आणि त्याच वादळात वरप्रदा नावाचा टगही बुडाला. बार्जची बातमी सगळीकडे झाली. वरप्रदावर गेलेल्या माणसांबद्दल त्या मानाने फार कमी बोललं गेलं.

एका दिवसापेक्षा लांबचा, किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करायचा असेल तर?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे कॉर्डेलियाची क्रूझ जाते. ती 2021 मध्ये सुरू झाली. जहाजात करमणूक भरपूर असते, पण आपल्याला हवं ते बंदरात शिरताना आणि निघताना दिसतं. त्या वेळी खोलीत किंवा जेवणाच्या रांगेत राहू नका, डेकवर जा. क्रूझ जहाजांना पुढे बाजूला ढकलणारे पंखे असतात, त्यामुळे टग कधी फक्त सोबतीला चालतो.

गोव्यात मुरगाव बंदर बघा. मांडवी आणि जुवारीतून लोहखनिजाच्या बार्जची रांग लागायची, 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर ती वर्दळ ओसरली. कोची मला सगळ्यांत आवडतं. बंदराचं तोंड अरुंद आहे, त्यामुळे मोठं जहाज फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या अगदी समोरून जातं, टगसकट. आत वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल, जहाजबांधणीचा कारखाना, वायपीनची रो-रो, 2023 पासून वॉटर मेट्रो, आणि गाळ काढणारे ड्रेजर. पोहण्याचा तलाव सोडून रेलिंगपाशी उभं राहावं असं बंदर आहे. वाटेत कर्नाटकात मालपे लागतं. तिथल्या उडुपी कोचीन शिपयार्डात 62 टन खेचशक्तीचे टग बनतात.

विजेवर चालणारे टग आले का?

येत आहेत. केंद्र सरकारने 2024 मध्ये हरित टगची योजना आणली. पहिल्या टप्प्यात न्हावा शेवा, कांडला, पारादीप आणि तुतिकोरीन या बंदरांनी प्रत्येकी किमान दोन टग घ्यायचे आहेत. टगला मधेच थोडा वेळ प्रचंड ताकद लागते आणि बाकी वेळ तो थांबलेला असतो, रात्री धक्क्यावर परत येतो. बॅटरीला असं काम मानवतं.

डहाणूचा किनारा नाशिकला जवळ आहे. तिथे काही दिसेल का?

त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू जवळ पडतं, खरं. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. भराव आणि ड्रेजिंगचं काम वाढेल तशा कामाच्या बोटी तिथेही दिसतील. स्थानिक मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे आणि त्यांची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. तिथे गेलात तर त्यांच्याशी बोला.

दुर्बीण कुठली? बोट लागते त्याचं काय?

सात किंवा आठ पटींची दुर्बीण घ्या. दहा-बारा पटींची हलत्या बोटीत नुसती थरथरते. बोट लागत असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तेलकटही खाऊ नका. मधल्या भागात, उघड्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा, फोन बघू नका. आलेपाक जवळ असू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना लाँचच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, त्यांना रो-रोने न्या.

माझ्या मुलाला टगवर काम करायचंय. नाशिकच्या पोराला जमेल का?

का नाही जमणार? समुद्राकाठी जन्म हा काही निकष नाही. दहावीनंतर जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी होण्याचा, सहा महिन्यांचा कोर्स असतो, बारावीनंतर आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) प्रवेश परीक्षा देऊन अधिकारी होण्याची वाट. खलाशाचं सीडीसी, म्हणजे ओळखीचं आणि नोकरीच्या नोंदीचं, पुस्तक काढावं लागतं. देशांतर्गत पाण्यातल्या बोटींसाठी सारंग, मास्टर अशी प्रमाणपत्रं वेगळी, ती महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडून मिळतात. टगचा कप्तान व्हायला मात्र वर्षं लागतात, कारण हे काम शेजारी उभं राहून, बघून शिकावं लागतं.

दोन गोष्टी आधी करा. संस्था आणि नोकरी लावून देणारी एजन्सी यांची नावं डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, यादीत स्वतः तपासा. ‘थेट जहाजावर चढवतो, इतके लाख द्या’ म्हणणारे आपल्या भागातही फिरतात आणि जमीन विकून पैसे दिलेली घरं मला माहीत आहेत. आणि फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. लाल-हिरवा रंग ओळखता आला नाही तर डेकवरचं काम मिळत नाही, आणि हे बऱ्याच मुलांना वैद्यकीय तपासणीच्या दिवशीच कळतं. नाशिकच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे ही चाचणी पाच मिनिटांत होते.